दहा दिवसांची शिक्षा

माझ्या वयाच्या माणसाला 'मिक्सटेप' म्हणजे काय हे सांगायचे, तर कॅसेटच्या दुकानापासून सुरुवात करावी लागते. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे गावोगावी अशी दुकाने होती. वहीच्या पानावर आवडत्या गाण्यांची यादी लिहून न्यायची, कोरी कॅसेट तिथेच विकत घ्यायची (साठ मिनिटांची की नव्वदची, यावर घरात खल झालेला असायचा) आणि दोन दिवसांनी ती 'भरून' मिळायची. एका बाजूला लता, तलत, दुसऱ्या बाजूला नाट्यगीते, आणि शेवटी फीत उरली म्हणून दुकानदाराने स्वतःच्या मर्जीने टाकलेले एखादे भलतेच गाणे. कायद्याच्या दृष्टीने हा सगळा व्यवहार चोरीचाच होता. पण तसे कोणाच्या मनातही येत नसे.

न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात सत्तरच्या दशकात हिप-हॉप जन्मले तेव्हा तिथेही कॅसेटच कामाला आली. इमारतीच्या तळघरात किंवा बागेत पोरे जमत, दोन तबकड्या आलटूनपालटून फिरवत कोणी ताल धरी आणि कोणी त्या तालावर यमके जुळवत बोले. तालावर बोललेली कविता, हीच रॅपची सर्वांत सोपी व्याख्या. या मैफलींच्या कॅसेट हातोहात जात, गाड्यांमधून वाजत. पुढे नवे रॅपर दुसऱ्यांच्या गाजलेल्या चालींवर स्वतःचे शब्द म्हणून अशा मिक्सटेप काढू लागले. कंपनीने करार मोडलेला फिफ्टी सेंट २००२ मध्ये याच वाटेने परत आला. कंपन्यांना ही फुकटची जाहिरात हवीच होती. पण मूळ संगीत दुसऱ्याचे, म्हणजे माल बेकायदेशीर. २००७ च्या जानेवारीत अटलांटा शहरात पोलिसांनी एका नामांकित डीजेच्या कचेरीवर छापा घालून हजारो सीडी जप्त केल्या. तोवर फीत कधीच गेली होती. 'टेप' हा शब्द मात्र राहिला. आपण नाही का अजून 'फोन फिरवतो' म्हणतो!

हे सारे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. रॅप म्हटले की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांपैकीच मी एक. 'आमच्या शाहिरांनी हेच पूर्वी केले आहे' असे म्हणून विषय संपवण्याची सोयही आपल्याकडे आहे, आणि ती मी अनेकदा वापरली. २०१९ मध्ये 'गली बॉय' आला तेव्हा घरातल्या मुलांबरोबर तो पाहिला, आवडलाही. पण तो सिनेमा होता. मग एका मुलाने एक मिक्सटेप ऐकायला दिली. का दिली, ते पुढे येईलच.

तिचे नाव '१० डे'. ती काढणारा शिकागोचा चान्सेलर बेनेट. जगाला तो 'चान्स द रॅपर' म्हणून माहीत आहे. मिक्सटेप प्रसिद्ध झाली ३ एप्रिल २०१२ रोजी. एकोणिसावा वाढदिवस तेव्हा दोन आठवड्यांवर होता. तिचा जन्म मात्र वर्षभर आधीचा. जोन्स कॉलेज प्रेप या सरकारी शाळेच्या शेवटच्या वर्षात गांजा जवळ बाळगल्याबद्दल त्याला दहा दिवस शाळेबाहेर काढले. शिक्षा रास्त होती की नाही, यात मी पडत नाही. मी पालक असतो तर मीही हादरलो असतो, आणि मुख्याध्यापक असतो तर बहुधा हेच केले असते. या पोराने ते दहा दिवस गाणी लिहिण्यात घालवले आणि पुढचे कित्येक महिने ती ध्वनिमुद्रित करण्यात. पहिल्या गाण्याचे नाव आहे '१४,४०० मिनिट्स'. दहा दिवसांची मिनिटे मोजली तर तेवढीच भरतात. शिक्षा भोगणाऱ्या मुलाने कागदावर हा गुणाकार मांडला असेल, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

घर चांगले होते, हेही सांगितले पाहिजे, कारण रॅपर म्हणजे उकिरड्यावरून आलेला मुलगा अशी आपली समजूत असते. वडील केन बेनेट राजकारणातले कार्यकर्ते. शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरोल्ड वॉशिंग्टन यांच्याकडे त्यांनी उमेदवारी केली आणि पुढे ओबामांच्या प्रशासनात काम केले. मुलाने शिकावे, सरळ मार्गाने जावे, अशीच अशा घराची इच्छा असणार. गाण्यातच आयुष्य काढायचे म्हटल्यावर शाळेतल्या शिक्षकांनीही आपली टर उडवली, असे चान्सने नंतर सांगितले आहे. यात जगावेगळे काहीच नाही. सांगली-साताऱ्यापासून शिकागोपर्यंत हा संवाद शब्दशः सारखा होत असावा.

मग हा मुलगा गेला कुठे? तो गेला ग्रंथालयात.

विवेकानंदांच्या १८९३ च्या भाषणामुळे आपल्याला ठाऊक असलेली शिकागोची जी वास्तू, तिथून चालत दहा-बारा मिनिटांवर शहराचे मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालय आहे. १९९१ मध्ये उघडलेल्या या इमारतीला नाव दिले आहे त्याच महापौर हॅरोल्ड वॉशिंग्टन यांचे. जोन्स शाळाही त्याच स्टेट स्ट्रीटवर, पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. २००९ मध्ये या ग्रंथालयाने तळमजल्यावर 'यूमीडिया' नावाचा एक विभाग फक्त हायस्कूलच्या मुलांसाठी काढला. मॅकआर्थर फाउंडेशनने पैसे दिले. तिथे पुस्तके होतीच, शिवाय लॅपटॉप, कॅमेरे, कीबोर्ड आणि ध्वनिमुद्रणाची एक छोटी खोली. ग्रंथालयाचे कार्ड दाखवले की पैसा न देता सगळे वापरायला मिळे. आणि मुख्य म्हणजे तिथे बोलायला, हसायला, गायला बंदी नव्हती.

या खोलीत माइक हॉकिन्स नावाचा एक कवी मुलांना शिकवी. सगळे त्याला ब्रदर माइक म्हणत. तो आठवड्याला कवितेचा कट्टा भरवी. ज्याला जे लिहून आणता येईल ते त्याने उभे राहून म्हणायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. चान्सने आपले शब्द माणसांसमोर म्हणून पाहिले ते इथे. त्याच कट्ट्यावर येणाऱ्यांत 'नोनेम' या नावाने पुढे गाजलेली फातिमा वॉर्नर होती, मिक जेन्किन्स होता, साबा होता. एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळमजल्यावरून एवढी माणसे निघावीत, हे मला त्यांच्या गाण्यांइतकेच नवलाचे वाटते.

त्या काळचे शिकागो ध्यानात घेतले पाहिजे. २०१२ मध्ये त्या शहरात पाचशेहून अधिक खून झाले. शहराच्या दक्षिण भागातल्या पोरांच्या बंदुकांच्या गाण्यांनी, 'ड्रिल' संगीताने, त्याच वर्षी देशभर खळबळ उडवली होती. शिक्षा आणि मिक्सटेप यांच्या मधल्या काळात, २०११ च्या सप्टेंबरमध्ये, चान्सच्या डोळ्यांदेखत त्याचा एक मित्र मारला गेला. अठराव्या वर्षी हे पाहिलेल्या मुलाला संध्याकाळी बसायला एक उजेडाची जागा असणे आणि नसणे यात किती अंतर आहे, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही.

मिक्सटेप कशी आहे? चौदा गाणी आहेत. त्यांतल्या काहींची नावेसुद्धा या पुरवणीत छापता येणार नाहीत, आणि नशापाण्याचे उल्लेखही भरपूर आहेत. तेव्हा आजीसमवेत ऐकायची ही चीज नव्हे. आवाज किरटा, मध्येच ओरडणारा. काही गाण्यांत शब्द इतके दाटीवाटीने भरले आहेत की मला तिसऱ्यांदा ऐकूनही निम्मेच कळले. पोरसवदा फुशारकी आहे. पण 'नॉस्टॅल्जिया' नावाचे एक गाणे आहे. अठरा वर्षांचा मुलगा आपल्या लहानपणाकडे म्हाताऱ्यासारखा वळून पाहतो, त्याचे आधी हसू येते आणि मग येत नाही. शेवटचे गाणे 'हे मा' आईला उद्देशून आहे. शाळेने काढलेल्या पोराला शेवटी कोणाला काही सांगायचे असेल तर ते आईला, यात आश्चर्य नाही. इतक्या धिंगाण्यानंतर ते येते, म्हणून ऐकावे.

आणि ही मिक्सटेप त्याने विकली नाही. डॅटपिफ नावाच्या संकेतस्थळावर ठेवली. ज्याला हवी त्याने फुकट उतरवून घ्यावी. पुढे ती लाखो वेळा उतरवली गेली. मला वाटते, या निर्णयाचा त्या खोलीशी संबंध आहे. ज्याने लिहायला जागा, यंत्र, श्रोता, सगळे फुकट घेतले, त्याला आपले पहिले काम फुकट देणे जड गेले नसावे. अर्थात हा माझा तर्क. व्यवहारी माणूस म्हणेल, अनोळखी पोराला विकत कोण घेणार होते! तेही खरेच. पण नाव झाल्यावरही त्याने हाच रिवाज ठेवला. २०१३ ची 'अ‍ॅसिड रॅप' फुकट दिली. २०१६ च्या 'कलरिंग बुक'साठी एका बड्या कंपनीकडून दोन आठवड्यांच्या हक्कांचे पैसे घेतले, पण विक्रीची तबकडी काढली नाही. ग्रॅमी पुरस्कारांचे नियम त्याच वर्षी बदलले, म्हणून न विकलेली ध्वनिफीतही स्पर्धेत बसू शकली आणि २०१७ मध्ये तिने सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा पुरस्कार मिळवला. त्यानंतर महिन्याभरात त्याने शिकागोच्या सरकारी शाळांना दहा लाख डॉलर दिले. ज्या शाळांनी काढले होते, त्यांनाच.

इथे थांबलो तर ही कथा फारच गोड होईल. २०१९ मध्ये त्याने पहिल्यांदाच रीतसर विक्रीसाठी जो अल्बम काढला, त्यावर समीक्षकांनी आणि चाहत्यांनीही सडकून टीका केली. आणि त्या खोलीत गेलेली बहुतेक मुले गायक झाली नाहीत. ती कुठेतरी नोकऱ्या करीत असतील. ग्रॅमी मिळाले म्हणून खोली सार्थकी लागली, असा हिशेब मांडला तर उद्या कोणी विचारील, गेल्या दहा वर्षांत किती ग्रॅमी आले? मग खोली बंद करा! माझ्या मते खोलीचा हिशेब त्या बुधवार-गुरुवारच्या संध्याकाळीच चुकता झालेला असतो. ब्रदर माइक २०१४ च्या डिसेंबरमध्ये अकाली गेला. चान्स आणि त्याच्या मित्रांनी त्याच्या आठवणीत शाळकरी मुलांसाठी 'ओपन माइक' सुरू केले. आपल्या लिपीत ध्वनिक्षेपक आणि माणूस, दोन्ही माइक सारखेच लिहिले जातात, तेव्हा कोटी समजावून सांगायला नको. नोनेमने २०२१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये चक्क एक ग्रंथालय उघडले.

आता मला ही मिक्सटेप कोणी दिली, ते. मी एका तालुक्याच्या गावातल्या जुन्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात अकरा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये अनुदानावर उभी राहिली, त्यांतलेच एक. वर्गणीदार वाचक कमी होत चालले, पण स्पर्धा परीक्षांची मुले अभ्यासिकेत सकाळी सातपासून बसतात आणि त्यांच्या शुल्कावर विजेचे बिल निघते. गेल्या वर्षी कार्यकारिणीसमोर एक अर्ज आला. चार मुलगे आणि एक मुलगी यांना रविवारी संध्याकाळी दोन तास नियतकालिकांची मागची खोली हवी होती. कशासाठी, तर 'रॅप लिहिण्यासाठी व सरावासाठी'. अक्षर सुरेख होते. अर्ज पाच मिनिटांत फेटाळला गेला. 'ग्रंथालयाच्या शांततेस बाधा' असे कारण इतिवृत्तात आहे. विरोधात हात वर करणाऱ्यांत मी होतो. त्यांतल्या एका मुलाच्या कॉलेजातल्या भानगडीबद्दल कोणीतरी कुजबुजले, आणि मी जास्त चौकशी केली नाही.

तोच मुलगा महिन्याभराने एस.टी. स्टँडवर भेटला. मी नजर चुकवणार होतो. त्याने चुकवू दिली नाही. "काका, तुमचा नंबर द्या, एक पाठवतो. ऐका," म्हणाला, "हे लायब्ररीत बसून झालंय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागले. गाडीत बसल्यावर मी ऐकायला सुरुवात केली.

गेल्या बैठकीत तो अर्ज मी माझ्या सहीने पुन्हा ठेवला. दोघांनी विरोध केला आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अभ्यासिकेतल्या मुलांची परीक्षा तोंडावर आहे, त्यांनी पैसे भरले आहेत, आणि मधली भिंत एका विटेची आहे. शेवटी तीन रविवार करून पाहू, एवढ्यावर तडजोड झाली. ग्रंथपालबाईंची अट अशी की जुन्या दिवाळी अंकांची कपाटे त्या मधल्या भिंतीला लावायची. कागद आवाज खातो, असे त्या म्हणतात. कपाटे सात आहेत. मुले शनिवारी दुपारी येणार आहेत.