तोफेचा पल्ला मोजून सांगा

पनवेलहून कर्नाळ्याचा सुळका सरळ रेषेत सुमारे १२ किलोमीटरवर आहे. मुरूड-जंजिऱ्याच्या कलालबांगडी तोफेचा पल्लाही १२ किलोमीटर असल्याचे गडावर ऐकवले जाते, पर्यटनाच्या मजकुरात छापले जाते. म्हणजे ही तोफ कर्नाळ्यावर असती, तर तिचा गोळा पनवेल शहरात येऊन पडला असता! ओळखीच्या अंतरावर ठेवून पाहिला, की हा आकडा केवढा आहे ते कळते. माझे म्हणणे एवढेच, की ठासणीच्या तोफेचा किंवा बंदुकीचा पल्ला गोळ्याचा वेग मोजल्याशिवाय कुणी सांगू नये.

वेग मोजण्याची विद्या काही नवी नाही. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये ती ग्रंथात मांडली. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यावर त्याने गोळी झाडली आणि ठोकळा किती झुलला यावरून वेग काढला. शिशाच्या गोळीचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास भरला. हवेचा अडथळा नसता, तर ४५ अंशांच्या कोनात अशी गोळी २५ किलोमीटर गेली असती. पण हवा असतेच, आणि वेग वाढेल तशी ती फार जास्त अडवते. २४ पौंडी तोफेचा गोळा हिशेबाने १६ मैल जायला हवा, प्रत्यक्षात तो ३ मैलांच्या आतच पडतो, हे रॉबिन्सनेच दाखवले. यावर कुणी म्हणेल, की मोठ्या, जड गोळ्याला हवा तुलनेने कमी अडवते. ते खरेच आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या रॉडमन तोफेचा दाखला मोलाचा वाटतो. १८६०च्या दशकातली ही तोफ ५० टनांहून जड, तिचा गोळा सुमारे ४९० किलोचा. २५ अंशांच्या कोनात तो सव्वासात किलोमीटरच्या आसपास गेला. कलालबांगडीचे वजन २२ टन सांगतात. मग १२ किलोमीटरचा आकडा कशाच्या जोरावर टिकतो?

आज ही मोजणी सोपी झाली आहे. क्रोनोग्राफ या वेग मोजण्याच्या यंत्रात प्रकाश टिपणारे दोन डोळे ठरावीक अंतरावर असतात. ते अंतर एक मीटर धरले, तर सेकंदाला ५०० मीटर वेगाची गोळी ते सेकंदाच्या पाचशेव्या भागात पार करते आणि यंत्र तेवढा वेळ नोंदवते. ठासणीच्या हत्याराला मात्र जपून वागावे लागते. तोंडातून धूर, गोळीभोवतीची चिंधी, अर्धवट जळलेले दारूचे कण बाहेर पडतात आणि यंत्र त्यांनाच गोळी समजते, म्हणून ते काही मीटर पुढे मांडतात. दारूचे माप, गजाने ठासायचा जोर, नळीत साठलेली काजळी, दर बाराला सगळेच थोडे बदलते. त्यामुळे एका बाराचा आकडा कामाचा नाही. पुष्कळ बारांची सरासरी आणि त्यांतला फरक, दोन्ही सांगायला हवे.

जुन्या तोफांना बत्ती द्यावी, असे मी मुळीच म्हणत नाही. तो ठेवा आहे, आणि जुने ओतकाम फुटूही शकते. प्रतिकृती करून ती पुण्यात पाषाणच्या एआरडीईसारख्या संरक्षण संशोधन संस्थेच्या देखरेखीत तपासता येईल. जुन्या दारूची ताकद आज नेमकी कशी कळणार, ही शंका रास्त आहे. त्यासाठी हलक्या आणि कडक, दोन्ही दारूंचे आकडे द्यावेत. राहिला अभिमानाचा प्रश्न. जंजिरा जिंकण्यासाठी संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये राजपुरी आणि तो किल्ला यांच्यामधली खाडी दगडांनी बुजवायला घेतली. एक किलोमीटरही रुंद नसलेल्या त्या पाण्यावर लढाई अडली होती. तोफांची खरी झेप कळली, तरच त्या धाडसाची किंमत कळते.

पुरातत्त्व खात्याला आणि पर्यटन विभागाला विनंती आहे : तोफेच्या फलकावर नळीची लांबी, तोंडाचा व्यास आणि धातू लिहा. पल्ल्यापुढे, मोजणी होईपर्यंत, ‘मोजलेला नाही’ असे स्पष्ट लिहा.