खेळते भांडवल

मी मराठीचा मास्तर. 'भांडवल' म्हटले की मला आधी 'एखाद्या गोष्टीचे भांडवल करणे' हा वाक्प्रचार आठवतो. खेळते भांडवल खेळायचे थांबते कसे, हे मात्र मला मावसभावाने शिकवले.

तो राहतो आमच्यासारखाच माजिवड्यात. कारखाना वागळे इस्टेटीत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ साली सुरुवात झाली ती याच वसाहतीत. कारखाना म्हणजे एक गाळा, तीन लेथ नि चार कामगार. लेथसाठी बँकेने चटकन कर्ज दिले. यंत्र डोळ्यांना दिसते, त्यावर बँकेची पाटी लावता येते! पण लेथला रोज पोलाद लागते, वीज लागते आणि कामगारांना वेळेवर पगार.

गौरी-गणपती उरकल्यावर त्याने माझ्यापुढे हिशेब मांडला. वर्षाची उलाढाल साठ लाख धरा. नायक समितीने १९९२ साली सांगितले की, लहान कारखान्याला उलाढालीच्या २० टक्के रक्कम बँकेने द्यावी. म्हणजे १२ लाख. ५ टक्के, म्हणजे ३ लाख, मालकाने घालावे. हे १५ लाख वर्षातून चारदा फिरले की साठ लाखांचा माल निघतो.

"आणि गिऱ्हाइकाने तीन महिन्यांऐवजी सहा महिन्यांनी पैसे दिले तर?"

"तर पैसा दोनदाच फिरतो, दादा. माल तीस लाखांचा. लेथ तेच, माणसे तीच!"

लहान कारखानदाराचे पैसे ४५ दिवसांत चुकते करावेत, असा कायदा २००६ पासून आहे. पण बड्या गिऱ्हाइकाला नोटीस धाडल्यावर पुढची ऑर्डर कोण देणार?

जादा रकमेसाठी बँकेने राहते घर तारण मागितले. तारणाशिवायच्या कर्जाला हमी देणारी सरकारी योजना २००० सालापासून आहे. तिचे नाव काढताच साहेबांनी चहा मागवला. त्यांनाही काय बोलावे? कर्ज बुडाले तर जाब त्यांनाच द्यायचा. पण आपल्या भाषेत 'पत' म्हणजे अब्रूही. बँकेत ती चौरस फुटांवर मोजतात, एवढे खरे.

वहिनींनी घराचे कागद देण्यास साफ नकार दिला. अखेर थोड्या कमी रकमेवर, दोन जामीनदार घेऊन भागले. त्यांतला एक मी. आमच्या घरात त्या रात्री कोणी कोणाशी बोलले नाही. सकाळी पगाराच्या पावत्या सौभाग्यवतीनेच माझ्या पिशवीत ठेवल्या.

तिसरा लेथ आता चालू आहे. गिऱ्हाइकाचा चेक अजून यायचा आहे.