निसर्गोपचार : पूरक की पर्याय?

पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेची एक जुनी खोली स्मारक म्हणून जपून ठेवलेली आहे. येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या गांधीजींच्या अपेंडिक्सवर कर्नल मॅडॉक यांनी तिथे १२ जानेवारी १९२४ च्या रात्री शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले, ही हकिकत पुष्कळांनी वाचलेली असेल. मला त्यातली दुसरीच गोष्ट अधिक विचार करण्याजोगी वाटते. टेबलावर निजलेला तो रोगी म्हणजे १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’मध्ये डॉक्टर आणि इस्पितळे यांच्यावर आसूड ओढणारा माणूस होता. पोटावर मातीची पट्टी, कटिस्नान आणि उपवास ही त्याची कैक वर्षांची औषधे. पण अपेंडिक्स चिघळल्यावर मातीच्या पट्टीने भागणार नव्हते. त्याने संमतिपत्रावर सही केली आणि पुढे चोवीस वर्षे जगला.

याच पुण्यात, वीस वर्षांनंतर, दुसरा प्रसंग घडला. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अत्यवस्थ होत्या. देवदास गांधींनी खटपट करून पेनिसिलिन मिळवले. तेव्हा ते औषध दुर्मिळ होते. गांधीजींनी ते टोचू दिले नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बा गेल्या. त्या अगदी अखेरच्या टप्प्यात होत्या, इंजेक्शनाने वाचल्या असत्या असे म्हणवत नाही. तरीही हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले, की निसर्गोपचाराबद्दलचा आपला सगळा घोळ समोर उभा राहतो. कुठवर थांबायचे आणि कुठे दार उघडायचे, हा प्रश्न खुद्द गांधीजींनाही एकाच पद्धतीने सोडवता आला नाही.

‘हे आपल्या ऋषिमुनींचे शास्त्र’ असे सांगणारे भेटले, की मला गंमत वाटते. लंघन आपल्याकडे जुनेच आहे. परंतु आज केंद्रांतून जे चालते त्याचा मोठा भाग जर्मन भाषिकांकडून आला. सिलेशियातला प्रिसनिट्स हा शेतकरी गार पाण्याने उपचार करी. बव्हेरियातला क्नाइप हा तर पाद्री. लाइपझिगच्या लुई कूने याचे कटिस्नान आणि अडॉल्फ जुस्टची माती गांधीजींनी पुस्तकांतून उचलली. यात कमीपणा काहीच नाही. कांदेपोह्यांतला बटाटाही परदेशातूनच आला. आयुर्वेदाशी मात्र त्याची गल्लत करू नये. आयुर्वेदात काढे, भस्मे, गुटिका आहेत. अस्सल निसर्गोपचारवाला औषधाला हात लावीत नाही.

गांधीजींना हे सारे गरिबांसाठी हवे होते. मार्च १९४६ मध्ये ते पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनला जाऊन राहिले, स्वतः रोगी तपासले आणि आठवडाभराने निघताना आश्रमाचे काम मणिभाई देसाई या तरुणावर सोपवले. मणिभाई १९९३ साली वारले तोवर त्या गावचेच होऊन राहिले. माती, पाणी, ऊन आणि हवा फुकट असतात, म्हणून ही खेड्याची वैद्यकी, असा तो विचार होता. आज काही केंद्रांची दरपत्रके पाहिली, की फुकट वस्तूंची किंमत किती चढू शकते याचे नवल वाटते.

मग या उपचाराने बरे वाटते ते खोटे का? मुळीच नाही. दहा दिवस मिठावर बंधन, तळलेले बंद, भरपूर फळे-भाज्या, पहाटे चालणे, रात्री नऊला दिवे बंद. तंबाखू नाही, पेला नाही, साहेब नाही आणि फोनही नाही. रक्तदाब उतरला नाही तरच आश्चर्य! अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ आहाराच्या चाचणीत फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांवर भर देऊन, मीठ आणि वजन तेवढेच ठेवून, आठ आठवड्यांत उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने खाली आला. औषधाच्या एका गोळीइतके हे काम आहे. तेव्हा आहाराचे श्रेय आहाराला द्यावे. शरीरातले ‘विष’ बाहेर काढल्याच्या गप्पांना मात्र ते देऊ नये. ते खाते यकृत आणि मूत्रपिंडे बिनबोभाट सांभाळीत असतात.

धोका असतो तो परतल्यावर. माझ्याबरोबर बँकेत असलेले एक गृहस्थ, निवृत्तीनंतर, अशाच एका केंद्रात दहा दिवस राहून आले. वजन चार किलोंनी घटले होते, चेहरा टवटवीत. ‘तात्या, आता गोळी बंद,’ असे त्यांनी मला बागेत अभिमानाने सांगितले. घरी आल्यावर हळूहळू लोणचे आले, जागरणे आली, चालणे सुटले. गोळी तेवढी परत आली नाही. पाच महिन्यांनी उजवी बाजू गेली. आज ते डाव्या हाताने सही करायला शिकले आहेत. गोळी कमी होऊ शकते, कधी सुटूही शकते. पण ते ठरवायचे लिहून देणाऱ्या डॉक्टरने, महिनोन् महिने मोजमाप ठेवून. इन्सुलिन घेणाऱ्याने परस्पर उपवास केला तर साखर एकाएकी उतरून शुद्ध जाऊ शकते. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे एका दिवसात थांबवणे जिवावर बेतू शकते. मूत्रपिंडे थकलेल्या माणसाला शहाळ्याचे पाणी आणि फळांचे रस ‘नैसर्गिक’ म्हणून पाजले, तर त्यातले पोटॅशियम त्याच्या हृदयाशी वैर करते.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण आपल्या आज्यांनी कधीच मानले नव्हते. दुधी चिरताना त्या आधी एक फोड जिभेवर ठेवीत. कडू निघाला की उकिरड्यावर. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस पिऊन दगावले. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी कडू रस पिऊ नये असे बजावले. औषध कडूच असते, या समजुतीने माणूस नाक दाबून पितो. स्वयंपाकघरातली चव बघण्याची रीत तिथे हरवली होती.

केंद्रात पैसे भरण्याआधी तिथे दोन-तीन गोष्टी खुशाल विचाराव्यात. माझ्या चालू गोळ्यांचे काय करणार? रात्री दोनला साखर उतरली तर मोजायला आणि उपाय करायला कोण आहे? ‘सगळे रोग आम्ही बरे करतो,’ असे उत्तर आले तर तिथूनच परतावे. कर्जाच्या अर्जावर असली हमी दिसली, की आम्ही तो अर्ज बाजूला ठेवीत असू.

आणखी एक प्रश्न आहे, तो घरातला. यजमान परत येतात आणि अळणी भाजी मागतात. मुलांना झणझणीत हवे असते. दोन स्वयंपाक रांधते ती बाई कुठल्याच केंद्रात गेलेली नसते. तिचे गुडघे, तिची झोप यांचा विचार कोणत्या माहितीपत्रकात आहे? त्यापेक्षा सबंध घराचेच मीठ थोडे थोडे उतरवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. चौघांच्या घराला महिन्याचे झाले ६०० ग्रॅम. किलोची पिशवी घरात कधी फोडली आणि कधी संपली, तेवढे कॅलेंडरवर लिहून ठेवावे. लोणचे, पापड, फरसाण आणि बेकरीची खारी यांतले मीठ या हिशेबात अजून धरलेले नाही.