तबकडीवरचे नाव

'पिकते तेथे विकत नाही' ही म्हण आपण शेतमालापेक्षा माणसांविषयीच अधिक वापरतो. कलावंतांच्या बाबतीत तर तिची प्रचीती पदोपदी येते. अशाच एका ध्वनिमुद्रिकेची हकीकत मध्यंतरी आमच्या वाचनात आली आणि पुढे ती मुद्रिकाही ऐकण्याचा योग आला. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी व तिच्या अनुषंगाने आपल्याच घरातील काही वस्तूंविषयी चार शब्द लिहावेत, असा या वेळी बेत आहे.

ही मुद्रिका मुंबईत १९८२ साली तयार झाली आणि एच.एम.व्ही.ने ती बाजारात आणली. वादक चरणजित सिंग. चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षे वाजविणारा हा कलावंत. अशा वादकांचे वादन घरोघर पोहोचते, नाव मात्र सहसा कोणास ठाऊक नसते. त्या काळी चित्रपटांत डिस्कोचा सुकाळ होता. चरणजित सिंगांना वाटले की, हाच ठेका घ्यावा, पण त्यावर चित्रपटातील चाल न वाजविता राग वाजवावेत आणि तबला बाजूस ठेवावा. त्यांनी भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग निवडले व प्रत्येकास सुमारे पाच मिनिटे दिली. तबकडीचे लांबलचक इंग्रजी नाव मराठीत सांगायचे तर 'डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग' असे होईल.

वाद्ये सारी विजेवर चालणारी, जपानमधील रोलंड कंपनीची. त्यांतील टीबी-३०३ या छोट्या यंत्राची कथाही या मुद्रिकेसारखीच आहे. एकट्याने गिटार वाजविणाऱ्याला खर्जाची साथ मिळावी म्हणून ते काढले. परंतु त्यातून गिटारीचा खरा आवाज निघेना. गिऱ्हाईक मिळाले नाही आणि १९८४ साली त्याचे उत्पादन बंद पडले. ही टाकून दिलेली यंत्रे पुढे शिकागोतील होतकरू तरुणांनी स्वस्तात मिळविली आणि तिच्यातून नृत्यसंगीताचा एक नवाच प्रकार जन्माला घातला. त्या प्रकारातील आद्य मानली जाणारी ध्वनिमुद्रिका १९८७ सालची आहे. म्हणजे ज्या आवाजाने पुढे पाश्चात्त्य तरुणांना वेड लावले, तोच आवाज मुंबईतील एका वादकाने पाच वर्षे आधी भैरवासाठी योजिला होता. या यंत्राचा खर्ज एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, तेव्हा मींडेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. चरणजित सिंगांच्या जाणत्या कानाला ते त्यात सापडले असावे.

ही तबकडी चालली नाही. चित्रपटगीतांच्या चाहत्याला तीत ओळखीची चाल मिळेना, आणि रागसंगीताचा रसिक 'डिस्को' हा शब्द वाचूनच पुढे जात असावा. आम्हीही स्पष्टच सांगतो की, बढत, आलाप, विश्रांती यांची अपेक्षा धरून ऐकणाऱ्याची येथे निराशा होईल. ठेका क्षणभर उसंत देत नाही. तरीही दुसऱ्या वेळी ऐकताना ध्यानात येते की हा विनोद नव्हे. वाजविणाऱ्याने रागाची थट्टा मांडलेली नाही. त्याने नव्या वाद्याला जुनी भाषा शिकविली आहे.

पुढे वीस वर्षे या मुद्रिकेचे कोणी नाव काढले नाही. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात ती सापडली. ऐकून तो चकित झाला. मुद्रिकेवर वादकाचे नाव छापलेले होते. त्या नावाचा माग काढीत तो मुंबईत चरणजित सिंगांपर्यंत पोहोचला आणि २०१० साली त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. जगभरच्या नियतकालिकांनी तिची दखल घेतली, आणि सत्तरी गाठलेल्या या वादकाला युरोपातील रंगमंचांवर बोलावणे आले. २०१५ साली ते वारले. लौकिक उशिरा आला, पण तो पाहण्यास माणूस हयात होता.

असा योग केवळ अप्रसिद्धांच्याच वाट्याला येतो असे नाही. सुरश्री केसरबाई केरकरांना कोण ओळखत नाही? गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या या गायिकेने अल्लादियाखाँसाहेबांकडे खडतर तालीम घेतली. ध्वनिमुद्रणाविषयी त्यांना फारसे प्रेम नव्हते. तीन मिनिटांत राग मांडणे त्यांना रुचत नसे. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' याने अंतराळात धाडली, तेव्हा पृथ्वीवरील संगीताची एक सुवर्णतबकडी त्यांवर बसविण्यात आली. भारताच्या वतीने त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी घ्यावी, अशी शिफारस रॉबर्ट ब्राउन या संगीतज्ञाने केली. पण मुद्रिका मिळेना. अखेर ॲन ड्रुयान यांना न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. ते यान आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे कोठच्या कोठे गेले आहे. त्या दुकानदाराने ते खोके कधी रद्दीत घातले असते, तर तो स्वर त्या यानावर चढला असता की नाही, कोणी सांगावे?

उलट बाजूचे उदाहरण तर आपल्या दारातले आहे. आमच्या पर्वत पाटियाहून कामरेजच्या दिशेने निघावे, म्हणजे तासाभरात तापीपलीकडचे कठोर गाव लागते. ते पूर्वी बडोदे संस्थानात होते. तेथे १८६९ साली भास्करबुवा बखले जन्मले. बालगंधर्वांचे आणि मास्टर कृष्णरावांचे गुरू, 'स्वयंवर' नाटकाच्या चालींचे कर्ते, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक. त्यांच्या काळी आपल्या देशात ध्वनिमुद्रण सुरू झालेले होते. तरीही १९२२ साली बुवा गेले, ते आपला आवाज बरोबर घेऊनच. त्यांच्या गाण्याची एकही मुद्रिका आज उपलब्ध नाही. नाव उरले, स्वर उरला नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. पर्वत पाटिया, लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. तापी खोऱ्याच्या रेल्वेने ती आली, मागांवर, डाइंग मिलांत आणि कापडबाजारात राबली. १९८०नंतर पुष्कळांच्या घरी टेपरेकॉर्डर आला आणि त्यावर घरची माणसे बोलू-गाऊ लागली. लग्नातील गाणी, जात्यावरच्या ओव्या, एखादे कीर्तन, श्रावणातील कानबाईच्या रात्रीची अहिराणी गाणी, असे कितीतरी या कॅसेटींवर उतरले. दुकानात विकत मिळणारे संगीत नष्ट झाले तरी कोठेतरी त्याची दुसरी प्रत असते. या कॅसेटींची प्रत एकच, आणि तीही बहुधा कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात! २००६च्या तापीच्या महापुराने शहरातील असे किती खण धुऊन नेले, याची गणती नाही. आणि आमच्या भागात तर खाडीचे पाणी अधूनमधून घरात येतच असते. पुरातून वाचले ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते.

आमच्या मराठी शाळेतील एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी अशी एक कॅसेट आणून दाखविली. तीवर कोणी बाई कानबाईची गाणी म्हणत होत्या. गळा खडा, लय पक्की, आणि मधूनच लहान मुलाला दटावल्याचा आवाज. या बाई कोण, असे आम्ही विचारले. मुलीची आजी म्हणाली, आत्याबाई असाव्यात; वडील म्हणाले, गल्लीतल्या कोणी शेजारीणबाई असतील. कॅसेटीवर 'गाणी' एवढाच एक शब्द होता. गाणाऱ्या बाईंचा आवाज त्या घरात तीस-पस्तीस वर्षे सांभाळला गेला, आणि त्यांचे नाव सांगणारे मात्र कोणी उरले नाही.

गुजरातीत रस्त्यावरच्या गावफाट्याला 'पाटिया' म्हणतात. तेथे गावाच्या नावाची पाटी असते. ती नसेल, तर वाटसरू गाव मागे टाकून पुढे निघून जातो. आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा १९०२ साली गौहरजान गाणे संपताच स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत. तबकड्या छापण्यासाठी जर्मनीस जात, आणि तेथील कामगारांना गाणारी कोण हे कळावे, हा त्यामागील हेतू. ती युक्ती आपणही उचलावी. कॅसेटीची नक्कल करताना आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव, साल आणि प्रसंग स्पष्ट शब्दांत बोलून ठेवावा, आणि कागदाच्या चिठ्ठीवरही तेच लिहावे.

नक्कल करणे अवघड नाही. कॅसेटयंत्राच्या कानात घालावयाच्या नळीच्या जागेतून तार जोडून गाणे संगणकात उतरविता येते. घरातील कॉलेजात जाणारी मुले हे तासाभरात करतात. कॅसेटीच्या मागील कडेचे दोन छोटे चौकोनी कान मोडून टाकावेत, म्हणजे तीवर चुकूनही दुसरे काही भरले जात नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसल्यास ती यंत्रात घालू नये. आधी जाणकारास दाखवावी. कॅसेटी व तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर आणि जमिनीपासून हातभर तरी उंच.

आज सुरतेतील तरुण आपल्या भ्रमणध्वनीवर जपानमधील एखाद्या अपरिचित वाद्यवृंदाचे गाणे शोधून काढतो व मित्रांना कौतुकाने ऐकवितो. त्याच्या या जिज्ञासेचे आम्हांस कौतुकच वाटते. तीच जिज्ञासा त्याने एकदा आपल्या आजीच्या कपाटाकडे वळवावी. येत्या श्रावणात कानबाईचे रोट होतील, घराघरांतून वडीलधाऱ्या बाया एकत्र जमतील. जुनी कॅसेट लावून, 'हा आवाज कोणाचा?' एवढे त्यांना विचारावे, आणि उत्तर मिळताच ते तेथल्या तेथे लिहून घ्यावे. ओळखणाऱ्या बाया आहेत, तोवरच हे व्हावयास हवे.