जुगाडाचं कौतुक पुरे!

कोलोरॅडोत आय-७०च्या चढावर आमच्या डिझेल ट्रकच्या टर्बोचा होज निसटला. काळा धूर, दम खलास, मागे कॅम्पर! जॉर्जटाऊनच्या एक्झिटला थांबून होज बसवला, क्लॅम्प आवळला. इथवर ठीक.

पण मित्राने कॅम्परच्या ब्रेकची तुटलेली वायरही नुसती पिळून टेप गुंडाळली. वर म्हणतो, "जुगाड आपल्या रक्तात आहे!" अरे बाबा, पुढे ११,००० फुटांवर आयझेनहॉवर बोगदा आणि पलीकडे सात टक्क्यांचा उतार! होज पुन्हा निसटला तर फार तर रस्त्याकडेला उभे राहू. वायर सुटली तर कॅम्परचं धूड ट्रकलाच ढकलणार, आणि ट्रकचे ब्रेक तापून हात वर करणार. प्रॉडक्शनमध्ये टाकला असता का असला पॅच? (टाकलाच असता म्हणा.)

कनेक्टर आणून वायर नीट जोडली. दोन तास गेले. सिल्व्हरथॉर्नपर्यंत साहेबांचं तोंड फुगलेलं.