झाडपाल्याचे औषध निर्धोक असते काय?

“झाडपाल्याचेच तर औषध! गुण आला नाही तरी अपाय खचित होणार नाही,” असे आपल्याकडे घरोघरी म्हटले जाते. शिकलेली माणसेही असेच म्हणतात. मला हा समज धोक्याचा वाटतो.

वनस्पती आपल्या पेशींत नाना प्रकारची रसायने बनविते, ती माणसाला बरे करण्यासाठी नव्हे. जागचे हलता न येणाऱ्या झाडाला कीड, बुरशी आणि पाला ओरबाडणारी जनावरे यांपासून बचाव करावा लागतो. यांतील अनेक रसायने विषारी असतात. त्यांतून औषध निर्माण होऊ शकते. पण ते झाडावर तयार मिळत नाही.

एक उदाहरण पाहू. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडात सापडले. फुलांच्या दुर्गंधीने कुप्रसिद्ध असलेल्या या झाडाला ‘अमृता’ असेही नाव आहे!

मग हे द्रव्य अमृत ठरले काय? लगेच नाही. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा सोडियम क्षार बनवून कर्करोगाच्या रुग्णांना देण्यात आला. त्याने मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, रक्तपेशी घटल्या आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. पुढे १९८५ साली या द्रव्याचे कार्य उलगडले. पेशीतील डीएनएचा पीळ सोडविताना एक विकर त्याच्या एका धाग्याला छेद देते व तो पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन हे सांधणेच अडवते. त्यामुळे झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मरतात. हे कळल्यावर रेणूच्या रचनेत फेरबदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे तयार झाली. १९९६ साली त्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे द्रव्य सापडल्यापासून तब्बल तीस वर्षांनी! आजही ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा मोजूनच दिली जातात.

आता विचार करा. ‘नरक्यात कर्करोगाचे औषध आहे’ एवढेच अर्धवट ऐकून कुणी त्याच्या सालीचा काढा प्याला तर? झाडागणिक आणि अवयवागणिक द्रव्याचे प्रमाण बदलते. मात्रा कोण मोजणार? त्याच अर्धवट ज्ञानापोटी सह्याद्रीत नरक्याची झाडे बुंध्यापासून तोडली गेली, हे आणखी दुर्दैव.

आजीबाईच्या बटव्याची हेटाळणी करावी, असे मी म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव शोधाची दिशा दाखवितो. परंतु दिशा म्हणजे मुक्काम नव्हे. तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, कुणी एखादे झाड औषधी असल्याचे सांगितले, तर तीन प्रश्न अवश्य विचारा : त्यातील द्रव्य कोणते? मात्रा किती? आणि ते कुणी, कसे तपासले?