शिक्का आणि शास्त्र

नकली जर्मन मालाला पायबंद घालण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १८८७ साली कायदा केला. ब्रिटिश मालाचा आभास निर्माण करणाऱ्या परकी वस्तूंवर मूळ देशाचे नाव छापणे सक्तीचे ठरले. घडले उलटेच! ‘मेड इन जर्मनी’ हीच पुढे चोख मालाची ग्वाही बनली. १८९३ च्या सुमारास पोलादातही जर्मनीने ब्रिटनला मागे टाकले.

याचे खापर केवळ जर्मन स्वस्ताईवर फोडणे आम्हांस मान्य नाही. कृत्रिम जांभळा रंग १८५६ साली लंडनमध्येच विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याने शोधला होता. पण रसायनशास्त्रज्ञांना कारखान्यांत मानाने बसविले ते जर्मनांनी. बी.ए.एस.एफ. या जर्मन कंपनीची कृत्रिम नीळ १८९७ साली बाजारात आली आणि बिहारमधील निळीचा धंदा बसत गेला. मळेवाल्या साहेबांनी मात्र आपला तोटा चंपारणच्या रयतेकडून वाढीव खंडाने वसूल केला.